हिलरींवरचा अविश्वास नेमका कशावर होता?

२०१६ च्या अमेरिकन निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच निकाल ऐकू येतात. एक, 'बाई म्हणून हरल्या'. दुसरा, 'खोटारड्या होत्या म्हणून हरल्या'. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण मतदानाच्या दिवशीचे एक्झिट पोल समोर ठेवले की दोन्ही अपुरे पडतात. मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांनी हिलरी क्लिंटन यांना 'प्रामाणिक आणि विश्वासार्ह' म्हटलं, ६१ टक्क्यांनी नाही म्हटलं. डोनाल्ड ट्रम्प यांचे आकडे याहून वाईट होते, ३३ आणि ६४. ज्याच्यावर विश्वास कमी, तो निवडून आला. दोघंही नापसंत असलेले मतदार १८ टक्के होते आणि त्यांनी ट्रम्पना ४७ विरुद्ध ३० असा कौल दिला. तिथे अध्यक्ष राज्यवार निकालांवरून ठरतो; देशभरात २८ लाखांहून अधिक मतं जास्त मिळवूनही हिलरी हरल्या, त्या मिशिगन (१०,७०४), विस्कॉन्सिन (२२,७४८) आणि पेनसिल्व्हेनिया (४४,२९२) या तीन राज्यांतल्या फरकामुळे. इतक्या चुरशीत त्या १८ टक्क्यांचा कल कुठे झुकला, यावरच सगळं ठरलं.

माझं मत असं. मतदाराचा अविश्वास हिलरींच्या एकटीच्या शब्दावर नव्हता. नवरा-बायकोचा जमाखर्च एकाच वहीत लिहिलेला होता, आणि त्यातली बायकोची पानं कोणती हे शेवटपर्यंत कुणी वेगळं काढून दाखवलं नाही. माजी अध्यक्षाची पत्नी उमेदवार असेल तर हे काम तिनेच करावं लागतं, आणि वेळेत करावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करू. बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण ग्रामपंचायतीत बघतो, म्हणून हिलरींकडेही त्याच चष्म्यातून बघितलं जातं. तसं काही नव्हतं. आठ वर्षं न्यूयॉर्कच्या सिनेटर, २००९ ते २०१३ परराष्ट्रमंत्री. पदावर असताना लोकांना त्या आवडायच्या. डिसेंबर १९९८ मध्ये, नवऱ्यावर महाभियोग चालू असताना, गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत ६७ टक्के लोकांचं त्यांच्याबद्दल अनुकूल मत होतं. परराष्ट्रमंत्री असतानाही आकडे साठीच्या वर राहिले. मत मागायला उतरल्या की मात्र तोच आलेख खाली यायचा. यात स्त्री उमेदवाराकडे बघण्याचा दुजाभाव आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी २००७ ते २०१४ ची आयकर विवरणपत्रं जुलै २०१५ मध्ये जाहीर केली, ट्रम्पनी एकही केलं नाही, आणि तरी 'लपवाछपवी' हा शिक्का हिलरींवरच बसला. पण तेवढ्यावर थांबलं तर पुढच्या उमेदवाराला शिकण्यासारखं काही उरत नाही.

सरकारी कामासाठी खासगी ईमेल सर्व्हर वापरल्याचं प्रकरण जवळून बघा. 'क्लिंटनईमेल डॉट कॉम' हे डोमेन नोंदवलं गेलं १३ जानेवारी २००९ ला, म्हणजे सिनेटच्या समितीपुढे त्यांची परराष्ट्रमंत्रिपदासाठी सुनावणी होती त्याच दिवशी. बातमी फुटली २ मार्च २०१५ ला. १० मार्चच्या पत्रकार परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितलं की हा सर्व्हर मुळात माजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या कार्यालयासाठी बसवलेला होता. म्हणजे देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांचा सरकारी पत्रव्यवहार नवऱ्याच्या खासगी व्यवस्थेतून चालला होता. त्याच दिवशी समजलं की साधारण ६० हजार ईमेलपैकी सुमारे निम्मे त्यांनी कामाचे म्हणून सरकारजमा केले आणि उरलेले खासगी म्हणून काढून टाकायला सांगितले. कुठले खासगी हे ठरवलं त्यांच्याच वकिलांनी. 'ती चूक होती, मला खेद वाटतो' हे शब्द टीव्हीवर आले ८ सप्टेंबरला, सहा महिन्यांनी. दरम्यान 'गोपनीय काही नव्हतं' हे वाक्य हळूहळू बदलत गेलं. मग ५ जुलै २०१६ ला एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे संचालक जेम्स कोमी यांनी सांगितलं की ५२ ईमेल-साखळ्यांतल्या ११० ईमेलमध्ये पाठवते-मिळवते वेळीच गोपनीय असलेली माहिती होती. वर्तन अत्यंत निष्काळजीपणाचं, पण खटला भरण्याजोगं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मुळात दोष किती मोठा होता? परराष्ट्र खात्याच्या २०१९ च्या अंतर्गत चौकशीत गोपनीय माहिती पद्धतशीरपणे, जाणूनबुजून हलगर्जीपणे हाताळल्याचा पटण्याजोगा पुरावा सापडला नाही. म्हणजे दोष होता त्याच्या कितीतरी पट किंमत मोजली गेली. ती वाढवली हप्त्याहप्त्याने आलेल्या खुलाशांनी. सगळं एकदम सांगितलं असतं तर ती एक बातमी झाली असती. थोडं थोडं सांगितलं की प्रत्येक नवा तपशील आधीचा खुलासा खोटा ठरवतो, मग तो खुलासा सद्भावनेने दिलेला का असेना.

आता फिनिक्सचा विमानतळ. तारीख २७ जून २०१६. एफबीआयची चौकशी अगदी शेवटच्या टप्प्यात आली होती, हिलरींचा जबाब पाच दिवसांवर होता. अॅटर्नी जनरल (न्याय खात्याच्या प्रमुख) लोरेटा लिंच यांचं विमान धावपट्टीजवळ उभं होतं आणि बिल क्लिंटन त्यात चढून अर्धा तास गप्पा मारून आले. बोलणं नातवंडं, गोल्फ आणि प्रवासाबद्दल झालं, असं दोघांनी सांगितलं. तसं असेलही. पण याच लिंच यांना १९९९ मध्ये ब्रुकलिनमधल्या सरकारी वकिलाच्या पदावर नेमणारे अध्यक्ष बिल क्लिंटन होते. बातमी बाहेर आल्यावर १ जुलैला लिंच यांना जाहीर करावं लागलं की एफबीआय आणि सरकारी वकील जे सुचवतील ते मी मान्य करीन. चारच दिवसांनी कोमी एकटे कॅमेऱ्यांपुढे उभे राहिले, आणि न्याय खात्याला बाजूला ठेवून बोलण्यामागे ही भेट हे एक कारण होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. हिलरी त्या विमानात नव्हत्या, त्यांनी नवऱ्याला पाठवलंही नव्हतं. तरी दंड त्यांना. उमेदवाराच्या भोवती शिस्तीचं कुंपण असतं, वकील असतात, वेळापत्रक असतं. माजी अध्यक्षाला 'तिकडे जाऊ नका' म्हणणारं कोण असतं? २८ ऑक्टोबरला चौकशी पुन्हा उघडल्यासारखं कोमींचं पत्र आलं, तेही हिलरींच्या सहायक हुमा अबेदिन यांचे पती अँथनी वीनर यांच्या लॅपटॉपवर सापडलेल्या ईमेलमुळे. अकरा दिवसांवर मतदान होतं.

पैशाची बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००८ च्या डिसेंबरात ओबामांच्या लोकांनी क्लिंटन फाउंडेशन या बिल यांच्या धर्मादाय संस्थेशी लेखी करार केला. देणगीदारांची नावं दरवर्षी जाहीर करायची आणि परदेशी सरकारांच्या नव्या देणग्या परराष्ट्र खात्याकडून तपासून घ्यायच्या. कागदावर चोख. प्रत्यक्षात २०१० मध्ये हैतीच्या भूकंपासाठी अल्जेरियाने दिलेले पाच लाख डॉलर तपासणीला गेलेच नाहीत. यादीत रकमा नेमक्या नव्हत्या, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशा पट्ट्यांमध्ये होत्या, आणि देणगी कोणत्या तारखेची ते दिसत नव्हतं. तारीखच नसेल तर देणगी आधी की सरकारी निर्णय आधी, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? बिल यांची भाषणं वेगळीच. जून २०१० मध्ये मॉस्कोतल्या एका भाषणाचे पाच लाख डॉलर. पत्नीने उमेदवारी जाहीर केल्यानंतरही, मे २०१५ मध्ये, त्यांनी मुलाखतीत सांगितलं की घरखर्च भागवायचाय, भाषणं चालूच राहतील. हिलरींनी मंत्रिपद सोडल्यावर एकट्या गोल्डमन सॅक्सकडून तीन भाषणांचे ६,७५,००० डॉलर घेतले आणि त्या भाषणांचा मजकूर प्रचारात जाहीर करायला नकार दिला. यात बेकायदेशीर काही सिद्ध झालं नाही. पण ऑगस्ट २०१६ मध्ये बिल यांनी जाहीर केलं की हिलरी जिंकल्या तर फाउंडेशन परदेशी आणि कंपन्यांच्या देणग्या घेणार नाही आणि मी संचालक मंडळातून बाहेर पडीन. ऐकणाऱ्याच्या मनात साधा प्रश्न आला. अध्यक्षपदावर हे चालणार नसेल, तर परराष्ट्रमंत्रिपदावर कसं चाललं?

आणखी एक ओझं होतं ते नवऱ्याच्या कारकिर्दीचं. १९९४ चा गुन्हेगारीविरोधी कायदा, १९९६ ची कल्याणकारी योजनांतली कपात, मेक्सिको-कॅनडाशी मुक्त व्यापाराचा नाफ्ता करार लागू करणारा कायदा. सह्या बिल यांच्या, जाब हिलरींना. मिशिगनच्या कारखान्यांच्या गावांत नाफ्ता हा जिवंत विषय होता. मे २०१६ मध्ये केंटकीत हिलरींनी सांगून टाकलं की अर्थव्यवस्थेला उभारी देण्याचं काम मी नवऱ्याकडे सोपवीन. ज्याच्या निर्णयांवर लोक नाराज, त्यालाच ते खातं! शिवाय अध्यक्षाच्या जोडीदाराला ना सिनेटची मंजुरी लागते, ना पदाची शपथ असते, ना कामाची लिखित कक्षा. १९९३ मध्ये हिलरींच्याच आरोग्यविषयक समितीवरून हा वाद अपील न्यायालयापर्यंत गेला होता. त्या कोर्टाने सरकारी सल्लागार समित्यांच्या कायद्यापुरतं प्रथम महिलेला सरकारी अधिकाऱ्यासारखं मानलं, पण तिने जाब कोणाला द्यायचा हा प्रश्न तसाच राहिला.

एक्झिट पोलमध्ये 'उमेदवारातला सर्वांत महत्त्वाचा गुण कोणता' या प्रश्नाला चार पर्याय होते आणि प्रामाणिकपणा त्यांत नव्हताच. ३९ टक्क्यांनी 'बदल घडवू शकेल' हा पर्याय निवडला आणि त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त ट्रम्पकडे गेले. अनुभव निवडणारे हिलरींकडे. माजी अध्यक्षाच्या पत्नीला बदलाचा चेहरा होता येत नाही, हे आडनावाचं न टळणारं देणं आहे. म्हणूनच विश्वासाच्या बाबतीत तिला दुप्पट चोख राहावं लागतं.

तरी अशा पत्नीने निवडून येणं अशक्य नाही. अर्जेंटिनात क्रिस्तिना फर्नांदेस दे किर्चनेर २००७ मध्ये नवऱ्याच्या जागी निवडून आल्या, कारण नेस्तोर यांचा कारभार तेव्हा लोकप्रिय होता आणि त्या तो पुढे चालवणार असं त्यांनी लपवलं नाही. होंडुरासच्या शिओमारा कास्त्रो यांचे पती, तेव्हाचे अध्यक्ष मानुएल सेलाया यांना २००९ मध्ये लष्कराने हाकललं. त्या २०१३ मध्ये हरल्या, २०२१ मध्ये जिंकल्या. ग्वाटेमालात उलटं झालं. तिथल्या राज्यघटनेच्या कलम १८६ नुसार अध्यक्षाच्या जवळच्या नातेवाइकांना उभं राहता येत नाही, म्हणून सांद्रा तोरेस यांनी २०११ मध्ये अध्यक्ष आल्वारो कोलोम यांच्यापासून घटस्फोटच घेतला. कोर्टाने तरीही अर्ज रोखला. नंतर २०१५, २०१९, २०२३ अशा तिन्ही निवडणुकांत त्या दुसऱ्या फेरीत पोचल्या आणि तिन्ही वेळा हरल्या.

उद्या कुठल्याही देशात अशी उमेदवार उभी राहिली तर तिने उमेदवारी जाहीर करण्याच्या निदान वर्षभर आधी एवढं करावं. जोडीदाराची मानधनाची भाषणं बंद, जिंकण्याची अट न घालता. संस्था बाहेरच्या मंडळाकडे, आणि जुन्या देणग्यांची यादी नेमकी रक्कम व तारखेसह. दोघांची सरकारी आणि खासगी कागदपत्रं वेगळी काढायची, आणि ती वाटणी आपल्या पगारी वकिलांनी नव्हे, बाहेरच्या कुणी तरी करायची. जोडीदार निवडून आल्यावर काय करणार आणि काय करणार नाही, ते एका पानावर लिहून सही करायची. आणि चौकशी चालू असेल तर त्या खात्यातल्या कुणाचंही विमान शेजारी उभं असलं तरी त्यात चढायचं नाही.

हिलरींनी उमेदवारी जाहीर केली १२ एप्रिल २०१५ ला. फाउंडेशनने परदेशी सरकारांच्या देणग्या सहा देशांपुरत्या मर्यादित करत असल्याचं सांगितलं ते त्यानंतर काही दिवसांनी.