मतदार स्वार्थी नसतो, पण...

मतदार जवळच्या प्रश्नांवर बोलतो, परराष्ट्र धोरणासारख्या मुद्द्यांवर नाही, म्हणजे 'मतदार फक्त स्वतःपुरतं बघतो', असा सूर एका लेखात वाचला; तो मला पटला नाही. माणूस त्याच मुद्द्यावर ठाम बोलतो, जिथे नेत्याचं खरं-खोटं त्याला स्वतः पडताळता येतं. ऊस उत्पादकाचंच घ्या. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असा कायदा आहे. बिल जमा झालं की नाही, हे त्याला बँकेचं पासबुक सांगतं, कुणाचं भाषण लागत नाही. परराष्ट्र धोरणाचं असं पासबुक कुठून आणायचं?

कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलचंही तेच. पावती प्रत्येकाच्या हातात पडत होती, म्हणून टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील सरांच्या मागे सगळ्या पक्षांचे, सगळ्या पेठांचे लोक उभे राहिले आणि टोल गेला. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला विरोध झाला तो ज्यांच्या शेतांतून रस्ता जाणार त्यांच्याकडूनच आधी. त्यात गैर काय? जमीन जाणाऱ्यानं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

मला खरी काळजी वाटते ती कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची. महापुराचं पाणी 2019 ला घरात शिरलं तेव्हा सगळं शहर बोलत होतं. प्रदूषणाचं तसं होत नाही. शहराचं सांडपाणी नदीत मिसळतं आणि त्रास खाली इचलकरंजी-शिरोळकडच्या गावांना होतो. इथल्या मतदाराला तो दिसत नाही, म्हणून महापालिकेच्या प्रचारात तो मुद्दा मागेच पडतो. आणि शिरोळच्या माणसानं कितीही ओरड केली, तरी त्याचं मत कोल्हापूर महापालिकेला नाहीच.