मासे तरंगले की मग पंचनामा

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो दर एकदोन वर्षांनी येतोच. पंचगंगेचा बंधारा, मेलेल्या माशांचा खच, पांढरी पोटं वर आणि खाली काळं पाणी. यंदाही आला. एक काका म्हणाले शहराचं सांडपाणी, दुसरे म्हणाले साखर कारखान्याची मळी, तिसऱ्यांनी इचलकरंजीच्या कापड प्रोसेसवाल्यांवर ढकललं, तेवढ्यात मी इकडं स्वित्झर्लंडमधल्या बासेलहून स्वच्छ ऱ्हाइन नदीचा फोटो टाकला (चुकलंच!) तर चुलतभाऊ म्हणाला, "तिकडं बसून शहाणपण शिकवू नकोस."

बरोबर आहे त्याचं. ही ऱ्हाइन काही जन्मापासून अशी नव्हती. १ नोव्हेंबर १९८६ ला इथं शेजारीच श्वाइत्सरहालेला सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन थेट नदीत गेलं, नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटर ईल, म्हणजे आपल्या वामीसारखे मासे, दीड लाखाच्या आसपास मेले. त्यानंतर काठच्या देशांनी जे टार्गेट ठरवलं ते मला जाम आवडतं: २००० सालापर्यंत सॅमन मासा नदीत परत आला पाहिजे. बासेलला काही वेळेत पोचला नाही, मधे धरणं आहेत, पण २००८ मध्ये एकाच्या गळाला लागलाच. आता उन्हाळ्यात लोक ऑफिस सुटलं की कपडे माशाच्या आकाराच्या बॅगेत कोंबून नदीतनं वाहत घरी जातात, मीपण जातो. तरी औषधांचे अंश सांडपाण्याच्या साध्या प्लांटमधून निघत नाहीत, म्हणून २०१६ पासून माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत घेऊन ठरावीक प्लांटमध्ये ओझोन नाहीतर ॲक्टिव्हेटेड कार्बन बसवणं चाललंय.

आपल्याकडं मासे विषानं मेले असंच सगळे धरून चालतात. बऱ्याचदा ते गुदमरून मरतात. मळी कुजायला घरच्या सांडपाण्याच्या शंभरपटीहून जास्त ऑक्सिजन लागतो, ती नदीत आली की जिवाणूंची नुसती जत्रा, खातात, वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, त्यात रात्री शेवाळही ऑक्सिजनच ओढतं, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. ऑक्सिजन संपला की हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य, मग तो सडक्या अंड्याचा वास आणि काळा गाळ, आणि बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की तोच गाळ ढवळून खालच्या गावाला. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर हळू वाढणारे, त्यांना ऑक्सिजन लागतोच, त्यांचं काम थांबलं की अमोनिया तसाच पाण्यात, आणि तो माशाला विषच. म्हणजे मासा तरंगेपर्यंत खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं, पण पंचनामा होतो तो माशांचा. बाटलीत पाणी भरतात, दोन दिवस पेपरात बातमी, संपलं.

आणि ग्रुपवर एक गोष्ट कुणीच बोलत नाही, मीही नाही बोललो. कारखान्याला ऊस आमचाही जातो. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच बिलातनं भरली होती. ९ फ्रँक इथं मी कुरकुर न करता देतो, पण टनामागं चार रुपये नदीसाठी कापले तर आमच्याच घरातनं पहिला मोर्चा निघेल.

रात्री भावाला फोन केला, विचारलं लहानपणी बंधाऱ्याखाली मरळ, शिंगाळा धरायचो ते अजून मिळतात का. म्हणाला, "चिलापी हाय की. कमी हवेत बी जगतीय ती. पायजे का?"