पाण्याचं झालं, चाऱ्याचं काय?

निर्वासित पशुपालकांवरच्या तुमच्या लेखात नायजरमधल्या इन्तिकाने या निर्वासित वस्तीचं उदाहरण घेतलंत ते बरं केलंत. मालीतून गुरांसकट पळून आलेल्या तुआरेग या भटक्या पशुपालक समाजातल्या कुटुंबांना तंबूंच्या रांगांऐवजी मोकळं माळरान मिळालं, ही लहान गोष्ट नव्हे. पण ‘जागा आणि पाणी दिलं की पशुपालक आपलं आपण बघतात’ हे वाक्य मात्र पटलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात उमेदीची वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो: बारमाही पाणी एकाच ठिकाणी आलं की कळप तिथून हलत नाहीत. आधी बोअरभोवतीचं गवत तुडवलं जातं, मग उघड्या मातीचं रिंगण रुंदावत जातं आणि जनावरांना चरायला रोज लांब जावं लागतं. टाकीशी तुडुंब पाणी पिणाऱ्या गाईच्याही बरगड्या मोजता येतात! शिवाय ३१ मे २०२० च्या हल्ल्यात इन्तिकानेचं मुख्य पाणीकेंद्रच उद्ध्वस्त केलं गेलं. सगळी भिस्त एका जागेवर ठेवण्यात हाही धोका असतोच.

दुसरं म्हणजे शिधा. साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, गवत पावसामागून येतं, कळपही त्यामागे जातात. वाटपाच्या दिवशी हजर नसलेल्याचं नाव यादीतून जाणार असेल, तर माणूस गुरांमागे जाईल की रांगेत उभा राहील? नोंदणी फिरती हवी. आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस निर्वासितांच्या शेळ्यांना टोचताना शेजारच्या स्थानिक कळपालाही टोचा, रोग काही ओळखपत्र बघून येत नाही.