केबलचे पाऊणशे

पहाटे २ वाजून १३ मिनिटांनी माझ्या खात्यातून १४९९ रुपये गेले. मी झोपलो होतो, बायको झोपली होती, मोबाइलसुद्धा चार्जिंगला लावलेला होता. चोरी वगैरे काही नाही. गेल्या वर्षी मीच एका चौकोनात बरोबरची खूण करून ‘दर वर्षी आपोआप घेत जा’ असं एका ॲपला सांगून ठेवलं होतं. ते ॲप शब्दाला जागलं. विसरलो मी.

हे सकाळी चहाच्या वेळी बाबांसमोर बोललो, ही त्या दिवसातली दुसरी चूक.

बाबा निवृत्त अकाउंट्स क्लार्क. त्यांनी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या ठेवल्या, आणि नुसत्या ठेवल्याच नाहीत, जपल्या. दूध, पेपर, दळण, इस्त्री, आणि ‘किरकोळ (सौ.)’ या नावाखाली आईने ज्याचा जाब दिला नाही तो सगळा खर्च. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून आताच्या ब्लॉकमध्ये येताना आईचं शिलाई मशीन सुटलं, पण वह्या आल्या. चहा संपेपर्यंत त्यातल्या चार वह्या टेबलावर आलेल्या होत्या.

पहिल्या वहीत ‘सरकारी देणी’ या सदराखाली नोंद आहे : टीव्ही लायसन, ५०. हल्लीच्या पोरांना हे पटत नाही, पण टीव्ही घरात ठेवायला पूर्वी परवाना लागायचा, बंदुकीला लागतो तसा. पोस्टात जाऊन पैसे भरायचे. १९८५च्या सुमारास सरकारने तो प्रकार बंद केला. ५० रुपये वर्षाचे म्हणजे महिन्याला सव्वाचार रुपयेसुद्धा पडत नव्हते, आणि त्यात जे येईल ते पाहायचं. तिसऱ्या मजल्यावर राहून आम्ही कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त शिकलो. आजही कुठे बोंडअळी दिसली तर मी गडबडणार नाही.

मग केबल. १९९१च्या आखाती युद्धानंतर आकाशातून परदेशी चॅनलं उतरायला लागली, आणि ती गोळा करून घरोघरी पोचवायला प्रत्येक गल्लीत एक केबलवाला उगवला. आमच्याकडे तो समोरच्या गच्चीवरून, आंब्याच्या फांदीवरून, आमच्या गॅलरीच्या ग्रिलमधून काळ्या वायरच्या रूपाने घरात शिरला. महिन्याला १०० म्हणाला. बाबा ५० म्हणाले. पाऊण तास चहा घेऊन ७५ ठरले. त्या दिवशीच्या नोंदीत बाबांनी कंसात ‘भांडलो’ असं लिहिलंय.

हा शब्द पुढच्या वीस वर्षांच्या वह्यांत सारखा येतो. ‘केबल ७५. (भांडलो)’. ‘केबल १००. वर्ल्ड कप म्हणून वाढवले. (भांडलो)’. ‘केबल ८५. चार दिवस बंद होतं, १५ कापले. (खूप भांडलो)’. केबलवाल्याचा पोऱ्या महिन्याच्या सात तारखेला गुलाबी पावतीपुस्तक घेऊन यायचा. बाबा त्या दिवशी ऑफिसातून लवकर यायचे. आधी तक्रारी : क्रिकेटच्या वेळी मुंग्या येतात, दुपारी लावलेल्या सिनेमात पडद्यासमोरून माणूस उठून गेलेला दिसतो, आणि खालची साडीच्या दुकानाच्या जाहिरातीची पट्टी हिरोइनच्या गळ्यापर्यंत आली आहे. पोऱ्या म्हणायचा, “काका, पट्टी वर गेली ती शेठच्या मुलीचा वाढदिवस होता म्हणून.” बाबा म्हणायचे, “मग तिच्याकडूनच घे दहा रुपये.” पोऱ्या दहा रुपये सोडायचा, आई त्याला लाडू द्यायची, आणि तो लाडू दहा रुपयांत धरायचा की किरकोळमध्ये, यावर रात्री आमच्याकडे चर्चा व्हायची.

त्या धंद्याची गंमत आम्हाला फार उशिरा कळली. आमच्या बिल्डिंगीत २४ घरं, त्यात २२ टीव्ही. केबलवाल्याच्या कागदावर, म्हणे, ६. बाकी सोळा टीव्ही करमणूक कर भरण्यापुरते अस्तित्वात नव्हते. आम्ही त्या सहात होतो की सोळात, हे बाबांना अजून कळलेलं नाही, आणि आम्ही सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हतो या शंकेने त्यांना मधूनमधून झोप लागत नाही.

डोकी नीट मोजली जावीत म्हणून मग डबा आला. सेट टॉप बॉक्स. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती, आमच्या कल्याण-डोंबिवलीला ३१ मार्च २०१३. तारीख बाबांना आवडली. वर्षअखेर आहे, ताळेबंद होऊन जाऊ दे, म्हणाले. डब्याचे १२०० गेले, मुंग्या गेल्या, साडीची पट्टी गेली, आणि बिल ७५च्या वहीतून २५०च्या वहीत आलं. मुंग्यांचं आम्हाला एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. पूर्वी पाऊस आला की चित्र हलायचं. आता पाऊस आला की चित्र चौकोनाचौकोनांत फुटून गोठतं, आणि निवेदिकेचं तोंड एका जागी, आवाज दुसऱ्या जागी.

पण खरा दणका फेब्रुवारी २०१९चा.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ फेब्रुवारीपासून नवा नियम आणला : जे पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या. बाबांना हे वाचून इतका आनंद झाला की त्यांनी ते कात्रण वहीत चिकटवलं. पन्नास वर्षं ते हेच तर सांगत होते! रविवारी दुपारी त्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं, रेघा मारलेला कागद काढला, आणि आम्ही चॅनलं निवडायला बसलो.

आधी प्रवेश फी. १०० चॅनलं घरात पोचवण्याचं भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. “म्हणजे अजून काहीच पाहिलं नाही आणि दीडशे?” आईने विचारलं. “हा नुसता नळ,” बाबा म्हणाले. “पाण्याचे वेगळे.” त्या शंभरात दूरदर्शनची चॅनलं सक्तीची, त्यामुळे ज्या भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नाहीत अशा कितीतरी भाषांतल्या बातम्या आमच्या घरात सन्मानाने आल्या.

मग पाण्याचे. एक चॅनल १९ रुपये. दुसरं १२. तिसरं ९. आणि बातम्यांच्या काही चॅनलांची किंमत चक्क १० पैसे! बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. १० पैशांचं नाणं सरकारने २०११मध्येच चलनातून बाद केलेलं, हे त्यांना तारखेसकट पाठ आहे, कारण त्यांच्याकडे एक डबाभर शिल्लक राहिली होती. “नाणं नाही, पण त्या नाण्याचं चॅनल आहे,” ते म्हणाले, आणि घेतलं. १० पैशांत रोज रात्री नऊ वाजता आठ माणसं एकाच वेळी ओरडतात. माणशी सव्वा पैसा पडतो. इतकं स्वस्त भांडण बाबांना स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

मुलीला एचडी हवं होतं. तर एचडीचं एक चॅनल मोजायचं दोन म्हणून. सहा आसनी रिक्षात जाड माणसाकडून दोन सीटचे घेतात तशातला प्रकार. त्यातून पॅक नावाची भानगड. सुटं चॅनल १९ रुपयांना, आणि तेच चॅनल इतर दहा चॅनलांच्या जुडीत घेतलं तर सगळी जुडी ५०च्या आत. म्हणजे कोथिंबीर एकटी १९ला. पण दोडका, कारलं, सुरण आणि कधी नाव न ऐकलेली एक पालेभाजी यांच्यासकट घेतली तर सगळी पिशवी ५०च्या आत. जे पाहाल तेवढंच घ्या म्हणणारा नियम, आणि निवडायला बसलं की भाजीवाला पिशवी भरून दारात उभा.

आईचं मागणं साधं होतं : सात, साडेसात आणि आठ. तीन मालिका. नेमक्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चॅनलांवर. बाबांनी तिला समजावून पाहिलं की सातची आणि आठची गोष्ट एकच आहे, दोन्हीकडे सासूच्या हातात किल्ल्या आहेत. आई म्हणाली, “साडेसातची सासू वेगळी आहे.” एकूण तीन जुड्या. मला क्रिकेट, बायकोला खाद्यपदार्थांचं, मुलीला दोन इंग्रजी. संध्याकाळी सहा वाजता बाबांनी रेघ मारली. चॅनलांचे २२०, वर १८ टक्के, झाले २५९ रुपये ६० पैसे. त्यात १५३ रुपये ४० पैसे. एकूण ४१३.

आधीचं बिल ३०० होतं.

बाबा बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “पण पैसे बरोबर सुटले बघ. ६० आणि ४०. खाली शिल्लक काही नाही.” अकाउंट्सच्या माणसाला कशात समाधान मिळेल सांगता येत नाही. पुढे नियम बदलत राहिले, त्याच १३०मध्ये १००ची २०० चॅनलं झाली आणि २०२४मध्ये ट्रायने १३०वरचं बंधनही उठवलं. पण बाबांनी पुन्हा कागद काढला नाही. त्या रविवारनंतर वहीत ‘(भांडलो)’ हा शब्द येत नाही. रिचार्ज आपला आपण होतो. सात तारखेला कुणी येत नाही.

एवढ्यात घरातली तरुण मंडळी टीव्हीवरून उठून ॲपांवर गेली होती. ज्याने पहाटे १४९९ नेले त्याचीच गोष्ट घ्या. आमच्याकडे ते आलं तेव्हा वर्षाला ४९९ होतं. मग ९९९. मग १४९९. दर खेपेला पाचशेची उडी. शून्याला हात लावायचा नाही आणि नऊ सोडायचा नाही. आणि एवढं देऊनही २०२५मध्ये त्यात जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ भरा. दारात येऊन बेसूर सनई वाजवायची आणि थांबायचे पैसे मागायचे, ही कल्पना आमच्या जुन्या केबलवाल्याला सुचली नाही, म्हणून तो बिचारा गरीब राहिला.

दुसऱ्या एका ॲपचा पासवर्ड मी ताईला भाऊबीजेला ओवाळणीत घातला होता. ती नागपूरला असते. दोन वर्षं सुखाने चाललं. एके दिवशी तिला पडद्यावर सूचना आली, की आपण या घरातल्या दिसत नाही. ताई तास-दीड तास फोनवर रडत होती. मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता हे एक, आणि माहेरचं दार कुणा परक्याने तोंडावर लावलं हे दुसरं. बाबांनी तिरीमिरीत कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी ३ दाबलं. पलीकडून एक मुलगी म्हणाली, “सर, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे.” बाबा म्हणाले, “मुलगी सासरी गेली म्हणून घरची राहत नाही, असं तुमच्याकडे कुठे लिहिलंय?” ती म्हणाली, “सर, दुसऱ्या घरी पाहण्यासाठी त्यांना स्वतःचं वेगळं खातं घ्यावं लागेल.” मग बाबांनी तिला १९९३पासून सगळं सांगितलं. आंब्याची फांदी, गुलाबी पावती, चार दिवस बंदचे १५ रुपये. आम्ही मे महिन्यात आठ दिवस गावाला होतो, त्या आठ दिवसांचे कापा, हेही सांगून पाहिलं. ती चिडली नाही. एकदाही चिडली नाही. फोन ठेवून बाबा म्हणाले, “हिच्याशी भांडण लागतच नाही रे.” आणि पाणी प्यायला उठले.

तर त्या सकाळी वह्या मिटून बाबांनी मला विचारलं, “आता एकूण किती जातात वर्षाला?” मी मोबाइलवर बेरीज केली आणि खरा आकडा गिळून त्याच्या निम्मा सांगितला. तरीही चहाची कपबशी हलली. मग प्रश्न आला, हे टाकायचं कुठल्या सदरात. सरकारी देणी नाही. करमणूक म्हणावं तर निम्मी ॲपं कुणी उघडतच नाही. शेवटी त्यांनी ‘वर्गणी’चं पान उघडलं, जिथे गणपती, नवरात्र आणि गल्लीतली दहीहंडी असते. पैशांचं पुढे काय होतं विचारायचं नाही आणि नाही म्हणायची सोय नाही, असं सगळं त्या पानावर आधीपासूनच आहे.

गेल्या आठवड्यात बेल वाजली. दारात एक तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. “काका, ओळखलं का? आमचे पप्पा इथे केबल बघायचे.” आता तो फायबर टाकतो. इंटरनेट, साडेतीनशे चॅनलं, वीस ॲपं, सगळं एकात. महिन्याला ८९९.

बाबा खुर्चीतून ताठ झाले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“तुझ्या बापाला पाऊणशे द्यायचो,” ते म्हणाले.

“काका, तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“शेवटचं बोल.”

आईने न सांगता लाडवाचा डबा काढला. पाऊण तास लागला. मे महिन्यातल्या गावच्या आठ दिवसांचा विषय निघाला, साडीच्या पट्टीचा निघाला, त्या सोळा टीव्हींचाही निघाला. पोराने तेवढ्यापुरतं टॅबमध्ये डोकं घातलं. ८५०वर तुटलं. वायर त्याच ग्रिलमधून आत आली, फक्त आता पांढरी आणि बारीक.

रात्री बाबांनी वही काढली. जुन्या अक्षरात, थोडं थरथरत : केबल ८५०. ४९ वाचवले. (भांडलो).

त्या वीस ॲपांत आईच्या साडेसातचं येत नाही, ताईचं येत नाही आणि पहाटे २ वाजून १३ मिनिटांचंही येत नाही. त्या तिन्ही वर्गण्या चालूच आहेत. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.