वर नाशिक नसलेली नदी

स्वतःच्या घरात कूलर कोणत्या खिडकीला बसवायचा हेसुद्धा ज्याला विचारलं जात नाही, त्या माणसाच्या हाती अख्खं शहर सोपवणं हा क्रूरपणा आहे. पण मोबाईलवरचे गेम बनवणाऱ्यांना हे कोण सांगणार? दिवाळीच्या सुटीत भाचा पुण्याहून आमच्याकडे जालन्याला आला आणि माझ्या फोनात एक छोटासा गेम टाकून मोकळा झाला. "मामा, रील बघत बसण्यापेक्षा हे खेळा. डोकं तरी चालेल."

डोकं चालावं अशी माझी काही तक्रार नव्हती. मी रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर बसतो. भंगाराचा ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. एवढ्यावर संसार उभा आहे. पण गेम उघडला तर वरच लिहिलेलं, 'वाढ आणि प्रदूषण यांचा तोल साधा.' म्हटलं, तोल? या गावात तोलाचं मला कोण शिकवणार!

गेम दिसायला गरीब आहे. मधून एक निळी नदी, दोन्ही काठांना मोकळं रान आणि तिजोरीत थोडे पैसे. हिरवा रंग दिला की घरं उगवतात, निळा दिला की दुकानं, पिवळा दिला की कारखाने. माणसं आपसूक येतात, कर भरतात. मला तर पहिल्या रात्री भरूनच आलं. गावाला रंग द्यायच्या आधी एकही माणूस वीट ठेवत नाही! आधी आराखडा, मग रस्ता, मग नळ आणि शेवटी घर, हा क्रम मी जन्मात पहिल्यांदा बघितला. आमच्याकडे आधी घर होतं, मग शेजारी घर होतं, दोघांच्या मधे उरतो तो रस्ता, आणि हे सगळं कागदावर आणण्यासाठी सरकारला 2001 साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. या गेममधल्या लोकांना गुंठेवारी म्हणजे काय ते ठाऊक नाही. बिचारी रंगाची वाट बघत सीमेवर उभी राहतात.

पण हे सुख फार टिकत नाही. घरं वाढली की लोक काम मागतात. काम द्यावं तर कारखाने लावा. कारखाना लावला की धूर. धूर नकाशावर जांभळ्या डागासारखा पसरतो आणि डाग घरांवर आला की घराच्या डोक्यावर एक तोंड वाकडं केलेला चेहरा उगवतो. चेहरे वाढले की लोक गाव सोडतात. लोक गेले की कर घटतो. कर घटला की धुरावर फिल्टर बसवायला पैसे नाहीत. पैसे हवेत म्हणून आणखी कारखाने. मग आणखी धूर. मधेच आपण दयाळू होऊन बगीचा करावा, तर बगीच्याची देखभाल दर महिन्याला तिजोरी खाते, आणि बगीचा बघून आणखी लोक येतात, ते काम मागतात! कर वाढवावा तर चेहरे, कमी करावा तर दिवाळं. आमच्या मिलमध्ये फर्नेसचा धूर ओढणाऱ्या पंख्याला वीज किती लागते ते मला माहीत आहे, त्यामुळे मी फिल्टरच्या बटणावर बोट नेलं की बिलच डोळ्यांपुढे येई.

भाचा म्हणाला, हे चक्र कुणाच्या तरी डोक्यातून मुद्दामच काढलंय. अमेरिकेत विल राइट नावाचा माणूस आहे. 1984 साली त्याने हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकायचा गेम केला. करता करता त्याच्या लक्षात आलं की बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटांवर रस्ते-कारखाने मांडण्यातच जास्त मजा येतेय. मग त्याने एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी शहरांची गणितं संगणकावर मांडली होती ती वाचून काढली आणि 1989 मध्ये सिमसिटी आणली. सुरुवातीला प्रकाशक बिचकले होते, कारण या गेममध्ये कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही.

"मग खेळायचं कामून?" आमच्या आप्पांनी विचारलं.

इथे आप्पांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढची सगळी वाताहत त्यांच्यामुळे आहे. आप्पा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि त्यांची नोकरी गेली पाथरीकडच्या बाजूला. कालव्याच्या मुखाशी, म्हणजे 'हेड'ला राहणारा माणूस आणि शेवटाला, म्हणजे 'टेल'ला राहणारा माणूस हे एकाच देशाचे नागरिक नसतात, असं त्यांचं ठाम मत आहे. जगातली कोणतीही गोष्ट त्यांना दाखवा, लग्नाची पंगत दाखवा, त्यांचा प्रश्न एकच: "टेलला पोचलं का?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून फोनात डोकावलं. "पाणी कुठून यायलंय?"

"नदीतून. काठावर पंप लावला की सगळ्या गावाला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"एकाच वेळी?" आप्पांनी चष्मा पुसला. "आन् नदीला पाणी कुठून यायलंय?"

मी नकाशा सरकवून दाखवला. नदी वरच्या कडेतून येते, काठोकाठ भरलेली, बाराही महिने. आप्पा त्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. "वर धरणं किती हायेत?" एकही नाही, मी म्हणालो. "वर गंगापूर नाही? दारणा? मुळा?" नाही. "म्हंजे या नदीच्या वर नाशिक नाही," आप्पा म्हणाले आणि एवढी सुखी नदी आपल्या नोकरीत कधी आली नाही याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांना 2014 चा आदेश तोंडपाठ आहे: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत साठा 65 टक्क्यांहून कमी असला, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. दर ऑक्टोबरात आमच्या घरी धरणाच्या टक्क्यांची चर्चा मुलाच्या बारावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त होते. आणि इथे हे पोरगं एक बोट दाबून पाणी घेणार! भाच्याने त्यात तेल ओतलं. म्हणाला, "आजोबा, 1989 च्या सिमसिटीत तर पाणीपुरवठा हा प्रकारच नव्हता. वीज जोडली की झालं. नळ आले ते 1993 च्या पुढच्या सिमसिटीत." आप्पांनी उरलेला चहा तसाच ठेवला.

त्या दिवसापासून मी खेळत होतो आणि गाव आप्पा चालवत होते. मी कोळशाचं वीजकेंद्र बांधलं, कारण ते सगळ्यात स्वस्त पडतं. आप्पा म्हणाले, "थर्मलला पाणी कुठून देणार? 2013 च्या दुष्काळात परळीचं थर्मल पाण्यावाचून बंद पडलं होतं, इसरलास?" मी सांगितलं की या थर्मलला फक्त कोळसा लागतो. त्यावर ते हसले. तसं हसणं मी फक्त त्यांनी खोटा पंचनामा वाचताना ऐकलं आहे. मी रेल्वे टाकली, तर त्यांनी विचारलं की पाण्याच्या वाघिणी कुठे उभ्या करायच्या. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तेव्हापासून रेल्वे हे पाणीपुरवठ्याचं साधन आहे आणि माणसं त्यातून अधूनमधून जातात, असं ते मानतात. शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी जिकडेतिकडे पाण्याच्या टाक्या बांधल्या. गेमला कळेना हा माणूस काय करतोय. तिजोरी आटली, पण टाक्या अशा उभ्या होत्या की उद्या नदी चोरीला गेली असती तरी गावाला वर्षभर फरक पडला नसता. मराठवाड्यातला माणूस धुराला हरत नाही हो. नळाला रोज पाणी येतं यावर विश्वास ठेवता येत नाही, तिथे हरतो.

धुराचं खातं बायकोकडे गेलं. ती परभणीची. "अहो, धूर निघायलाय की! या बायांनी वाळवण कुठं घालायचं?" गेममध्ये वाळवण नसतं हे मी सांगितलं. "गच्ची तर दिसायलीय!" गच्ची आहे आणि तिच्यावर कुरडया नाहीत, असं शहर तिच्या मते अजून वसलेलंच नाही. कारखाने उचलून दुसरीकडे न्या, असा तिचा हुकूम निघाला.

कुठे न्यायचे याची युक्ती भाच्याकडे होती. "मामा, कारखाने अगदी नकाशाच्या कडेला लावा. अर्धा धूर नकाशाबाहेर जातो. तो मोजलाच जात नाही."

"बाहेर कोण राहतं?"

"कुणीच नाही. बाहेर काही नसतंच."

मी लावले. आणि खरंच, जांभळा डाग एका रात्रीत अर्ध्यावर आला! चेहरे हसले, कर आला, फिल्टर आले. इतकी सोपी युक्ती आपल्याकडे कुणाला सुचली नसेल असं मानण्याइतका मी भोळा नाही. मुंबईच्या नकाशात परळी कुठे आहे ते एकदा बघा. एसी तिकडे, राख इकडे. पण ते जाऊ द्या, माझं गाव सुरेख चाललं होतं, आणि तेव्हाच आप्पांना पंपावरचं चालू-बंदचं बटण सापडलं.

"हे आधी का नाही सांगितलं?"

त्यांनी ट्रंकेतून एक जुनं रजिस्टर काढलं, फोनातल्या वस्त्यांना नंबर दिले आणि पाण्याच्या पाळ्या पाडल्या. आधी टेल, मग मध, शेवटी हेड. नदीकाठच्या बंगल्यांचं पाणी त्यांनी पहिल्या झटक्यात तोडलं. "लई दिवस प्यायलेत." बंगल्यांवर लाल चेहऱ्यांची गर्दी झाली. आप्पा म्हणाले, "बोंबलू दे, हेडचे लोक बोंबलतातच." कारखान्यांनी पाणी मागितलं, तर 7 नंबरचा फॉर्म भरल्याशिवाय पाणी नाही. भाचा कळवळून म्हणाला की आजोबा, गेममध्ये फॉर्म नसतो. "मग पाणी बी नसतं," आप्पा म्हणाले आणि पाळी बंद केली.

पाळ्या काटेकोर पाळल्या गेल्या. माझ्या फोनला माझाच हात लागत नव्हता. कारखाने एकेक करून काळे पडले, धुराची कांडी विझली, दुकानांवर कुलपाची खूण आली. रस्त्यावरच्या ठिपक्याएवढ्या गाड्या विरळ होत गेल्या. जांभळा डाग फिका होत होत नाहीसा झाला. आणि एका रात्री जेवणं चालू असताना फोनातून पिपाण्या वाजल्या, फटाके उडाले आणि सोनेरी पानाचं पदक आलं: 'अभिनंदन! तुमच्या शहराची हवा अत्यंत स्वच्छ आहे.'

पार शेवटच्या कोपऱ्यात, नकाशाच्या कडेला, एक घर उरलं होतं. त्याच्या नळाला पूर्ण दाबाने पाणी होतं. "टेलला पोचलं," आप्पा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

बायकोने हात धुऊन फोन हातात घेतला. गच्च्या तिच्या मनासारख्या लख्ख होत्या. तिने नकाशा इकडून तिकडे सरकवला, पुन्हा सरकवला. "आता वाळवण घालावं म्हनलं तरी बाया कुठंयत? एवढी माणसं गेली कुठं?"

"नकाशाबाहेर, मामी," भाचा म्हणाला.

"बाहेर म्हंजे?"

आप्पांनी रजिस्टरवर शेरा मारून ते मिटलं आणि भाच्याकडे नजर टाकली. "म्हंजे काय? पुण्याला."