पेशी स्वतःच्या, म्हणून निर्धोक?

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. पोटाच्या चरबीतील मूलपेशी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या स्टेम सेल्स, चेहऱ्यात टोचल्या की त्वचा दहा वर्षे तरुण होते. पेशी स्वतःच्याच, त्यामुळे धोका नाही. सुई नको असेल तर सफरचंदाच्या मूलपेशींचे क्रीम आहे. शिवाय उपचार सरकारमान्य आहे, असे त्यात म्हटले आहे.

यातले सर्वांत घातक विधान धोक्याविषयीचे आहे, कारण ते ऐकायला पटते. पेशी कोणाची आहे एवढ्यावर तिची सुरक्षितता ठरत नाही. ती कोठे, कशी आणि कशासोबत टोचली, यावरही ती अवलंबून असते. लॉस एंजेलिसमधील एका महिलेच्या चेहऱ्यात तिच्याच चरबीतील पेशी टोचल्यानंतर पापणीत हाडाचे तुकडे तयार झाले. सुरकुत्या भरण्यासाठी त्याच वेळी कॅल्शियमयुक्त फिलर वापरले होते, आणि अशा क्षाराच्या सान्निध्यात मूलपेशी हाडाकडे वळू शकतात. फ्लोरिडात 2015 मध्ये स्वतःच्याच चरबीतील पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गंभीररीत्या गेली.

दहा वर्षांच्या दाव्यामागे थोडे तथ्य आहे, पण ते फार ताणलेले आहे. या पेशी वाढीस चालना देणारे घटक स्रवतात आणि त्यामुळे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, वाढू शकते. मात्र बरेच अभ्यास लहान आहेत, आणि सोबत चरबी, लेसर किंवा पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव) वापरल्यास परिणाम नेमका कशाचा, हे सांगणे अवघड होते. अमेरिकेत 2011 मध्ये नाक-ओठांमधील सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली ती रुग्णाच्याच फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या, पेशींच्या उपचाराला. त्या मूलपेशी नव्हेत.

सफरचंदाचे क्रीम म्हणजे वनस्पतीपेशींचा अर्क. त्यात जिवंत पेशी नसतात, आणि असत्या तरी त्यांची मानवी त्वचा झाली नसती.

राहिला सरकारमान्यतेचा मुद्दा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण तेवढे प्रस्थापित उपचार ठरते. बाकी सर्व वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा. गणेशखिंडीत नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, म्हणून 'पुण्यातच तर संशोधन चालते' असेही कोणी सुनावतात. पण प्रयोगशाळेतले संशोधन हा एखाद्या क्लिनिकचा परवाना नव्हे. एखादे क्लिनिक चाचणी चालू असल्याचे सांगत असेल, तर त्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील, नोंदणी क्रमांक मागावा. ती नोंद कोणालाही ऑनलाइन तपासता येते.