शून्य टक्के सज्जन

परवा गाडीची फुल पॉलिसी पुन्हा घ्यायला गेलो, तर विम्याच्या ऑफिसातल्या मुलीनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथं शून्य होतं. शेजारी टक्क्याचं चिन्ह लावून त्याला सरकारी रुबाब दिलेला. "सर, तुमचा नो क्लेम बोनस लॅप्स झालाय. आता तुम्ही फ्रेश कस्टमर." साठी उलटल्यावर मला फ्रेश म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती. पण आनंद काही झाला नाही. नो क्लेम बोनस म्हणजे वर्षभर भरपाई मागितली नाही की पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, आणि ती गेली होती.

झालं होतं ते एवढंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली आणि गाडी जुळे सोलापुरात आमच्या दारातल्या लिंबाखाली उभी राहिली. एजंट म्हणाला, "काका, गाडी हलणारच नाही तर फुल पॉलिसी कशाला? थर्ड पार्टी टाकू, दुसऱ्याच्या नुकसानीपुरती. कायद्यानं तेवढंच लागतं." १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खरोखरच तसं आहे. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड. एजंट आमच्या साडूंचा पुतण्या. त्याला उलटं बोललो असतो तर बायकोनं पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकवलं असतं.

त्यानं सांगितलं नाही ते असं. बोनस मिळतो तो फक्त फुल पॉलिसीतल्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. आमच्या हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला २०२२ साली ठरलेला ३,४१६ रुपये. त्यात सूटबिट काही नाही. ओन डॅमेजमध्ये मात्र एक वर्ष क्लेम केला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि सलग पाच वर्षं गप्प बसलात तर ५०. मी त्या ५० वर बरीच वर्षं ठाण मांडून होतो. पण ती पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत पुन्हा घेतली नाही, की सगळा जिना एकदम खाली. थर्ड पार्टी चालू आहे की नाही याच्याशी त्या ९० दिवसांना देणंघेणं नाही.

आता हा ५० टक्के मी कसा कमावला ते कुणी विचारत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत होम मैदानाशेजारून गाडी विनाओरखडा काढणं ही काय चेष्टा आहे? गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या, मागे लाल दिव्याचं नाव नसलेल्या ट्रॅक्टरच्या मागं रात्री पंढरपूरहून सोलापूर गाठून बघावं एकदा. एका रिक्षावाल्यानं सात रस्त्याला आरसा उडवला, तेव्हाही मी खिशातून पैसे घातले. क्लेम केला नाही, बोनस जाईल म्हणून. तो आरसा आता आठवून आठवून सलतो.

मी त्या मुलीला म्हटलं, "अहो, जो गाडीच चालवत नाही त्याच्याइतका बिनक्लेमचा माणूस कुठं मिळेल?" तिला पटलं. चेहऱ्यावर दिसलं. "बरोबर आहे सर, पण सिस्टीम घेत नाही." मग म्हणाली, ओन डॅमेजमध्ये खंड पडलाय, तेव्हा आधी इन्स्पेक्शन करावं लागेल.

इन्स्पेक्शनला आलेला पोरगा पंचविशीचा, पाठीला सॅक, हातात मोबाईल. गाडीचे चारी बाजूंनी फोटो, चेसिस नंबर, काचा, आणि शेवटी इंजिन चालू करून व्हिडिओ. दहा मिनिटांचं काम. पण ते शेजारच्या अण्णांच्या देखरेखीखाली व्हायचं होतं.

अण्णा जुन्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी आणि संतापले की तिन्ही. गिरणी बंद पडल्यापासून देखरेख करायला त्यांना काही उरलेलं नाही, त्यामुळे गल्लीत खड्डा खणला, खांब उभा केला, टाकीत पाणी पडलं, तिथं अण्णा लुंगी खोचून हजर. पोरानं पहिला फोटो काढेपर्यंत ते खुर्ची घेऊन बसलेसुद्धा.

"काय करायलाव?"

"गाडीचं इन्स्पेक्शन, काका."

"मग मला विचारा की ओ. हे साहेब कुठं बघतेत गाडीकडं? मीच बघतो."

आणि साक्ष सुरू झाली. पोरगा दरवाज्यावर वाकला. "इथं डेंट दिसतोय."

"तो आमच्या नातवाचा. टेनिस बॉल नव्हता, सीझन बॉल होता. कडक हाणला बघा!" स्वरात कौतुक ओसंडत होतं. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पोरानं निमूट टिपून घेतलं. आधीच असलेल्या डेंटचा खर्च पुढं मिळत नाही.

"हा स्क्रॅच?"

"पाण्याची घागर. चार दिवसांनी पाणी आलं, तर पळापळ होतीच की. बायकोच्या हातून निसटली. तिला काय बोलणार?"

"मागचा लाइट?"

"तो आधीपास्नंच." मग अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मोठ्या मनानं सावरून घेतलं, "म्हंजे मी फोडायच्या आधीपास्नं थोडा गेलता."

मी खुणा करत होतो. अण्णा जॉबर माणूस, यंत्रातली खोट लपवली तर हात जातो एवढं त्यांना ठाऊक. ते थांबेनात.

पोरगा पुढच्या काचेपाशी आला आणि गंभीर झाला. वायपरच्या खालून एक पांढरी, वाकडीतिकडी रेघ वर गेली होती. "काका, विंडशील्डला क्रॅक आहे. हे अवघड होईल." त्यानं मोबाईल जवळ नेला. माझ्या पोटात गोळा आला.

अण्णा उठले, लुंगी सावरली, नखानं ती रेघ खरवडली, काढली, उन्हाला धरून बघितली आणि तोंडात टाकली.

"क्रॅक नाही ओ. कुरडई."

दोन उन्हाळे माझ्या बॉनेटवर अण्णांच्या घरच्या कुरडया वाळल्या होत्या. सोलापूरच्या मे महिन्यात तापलेला पत्रा. गच्चीवर चढायला नको, माकडं नाहीत, आणि वर कव्हर असल्यानं मला पत्ता नाही. कव्हर काढायचं, साडी अंथरायची, संध्याकाळी पुन्हा घालायचं. "रंग बघा कसा पांढराशिपत येतो," त्यांनी पोराला सांगितलं. पोरानं तो फोटो पुन्हा काढला, बिनकुरडईचा.

मग इंजिन. बॅटरी केव्हाच मेलेली. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं वायर लावून दिली, गल्लीतली चार पोरं उगाच मागून ढकलत होती, अण्णा "न्यूट्रल! न्यूट्रल!" ओरडत होते, आणि त्या सगळ्याचा रीतसर व्हिडिओ विमा कंपनीकडे गेला. त्यात मी कुठंतरी हात जोडलेला दिसतो म्हणे.

मंजुरी आली. भरलं सगळं, वर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेजचे जे चार हजार व्हायचे ते आठ झाले. घरी येऊन नियम शांतपणे वाचायला घेतले आणि डोकं पुन्हा तापलं. मी तेव्हाच गाडी विकून टाकली असती, तर कंपनीनं माझ्या नावानं बोनसचं सर्टिफिकेट दिलं असतं, तीन वर्षं चालणारं. त्यात नवी गाडी घेतली की ५० टक्के जसेच्या तसे. कारण बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, असं हीच मंडळी सांगतात. गाडी फुंकून मोकळा झालेला माणूस तीन वर्षं सज्जन राहतो. गाडी सांभाळणारा, दरवर्षी थर्ड पार्टी इमानानं भरणारा, ९० दिवसांत बदनाम! हा हिशोब कुणी केला त्याला एकदा जून महिन्यात आमच्या आरटीओत रांगेत उभं करावं. आणि असं सर्टिफिकेट मिळतं हे तरी कुणी आपणहून सांगतं का? एजंटला विचारलं तर म्हणाला, "काका, तुम्ही विचारलंच नाही."

संध्याकाळी अण्णांना हे सगळं ऐकवलं. शून्यापासून पुन्हा ५० पर्यंत जायला सलग पाच वर्षं, मधे एक क्लेम झाला की परत पहिल्यापासून. अण्णांनी मन लावून ऐकलं, बोटांवर मोजलं.

"सोपं हाय की ओ साहेब. फुल पॉलिसी भरत ऱ्हावा, आन् पाच वर्षं गाडी जागची हलवूच नका."

मग गाडीकडं जरा वेळ बघून म्हणाले, "फक्त कव्हर नवं घ्या. ह्याचा रंग जातो कुरडयांना."